‘तडीपार’ आणि त्याआधीचे फड

‘तडीपार’ हा पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन याचा पहिला अल्बम २०२० साली आला. अल्ताफ शेख हे त्याचे खरे नाव. जन्म १९९९चा, आणि लहानपण पुणे रेल्वे स्थानकाजवळच्या ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीत गेले. आधी कव्वाली, मग बी-बॉइंग आणि बीटबॉक्सिंग, आणि त्यानंतर रॅप असा त्याचा प्रवास झाला. अल्बमचे नाव पोलिसी कारवाईवरून घेतले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षे जिल्ह्याच्या हद्दीबाहेर घालवता येते. सरकारी कागदावर ती हद्दपारी, लोकांच्या तोंडी तडीपारी.

स्वतःची फुशारकी मारायची, प्रतिस्पर्ध्याला नाव घेऊन डिवचायचे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहायची, ही रॅपची रीत पुणे जिल्ह्याला नवी नव्हती. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात होनाजी आणि सगनभाऊ या शाहिरांची चुरस गाजली. सगनभाऊ मूळचा जेजुरीचा, धर्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर डफ-तुणतुण्यावर रात्र रात्र एकमेकांना कोडी घालत. एका पक्षाने शक्तीला थोर मानायचे, दुसऱ्याने शिवाला. भांडण अध्यात्माचे असले तरी श्रोते जमत ते कोण कोणाला निरुत्तर करतो हे पाहायला.

हीच सवाल-जवाबाची कला पुढे ढोलकी फडाच्या तमाशात आली आणि तिचे मोठे ठाणे जुन्नर तालुक्यात वसले. पुणे–नाशिक महामार्गावर राजगुरुनगर मागे टाकले की आंबेगाव तालुक्यातली पेठ आणि मंचर लागतात, आणि पुढे जुन्नरच्या हद्दीत नारायणगाव. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथला. भाऊंची मुलगी विठाबाई हिने या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. २००२ साली ती गेली तेव्हा तिच्या नावावर दोन राष्ट्रपती पुरस्कार होते आणि हाती पैसा जवळजवळ नव्हता. आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार तिच्या नावाने दिला जातो.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा फलक, आत गादी आणि वही. चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी गावोगावचे कारभारी येतात, या राहुटीतून त्या राहुटीत भाव काढत फिरतात आणि इसार देऊन सुपारी पक्की करतात. यात्रा तिथीवर ठरलेली असते, त्यामुळे ज्या तिथीला अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात तिचा भाव चढा राहतो. मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. कलावंत हंगामाआधी मालकाकडून उचल घेतात आणि वर्षभर ती फेडतात. शब्दाची किंमत काय, हे इथे कारभारी आणि फडमालक ठरवतात. ओळी रचणारा त्या व्यवहारात क्वचितच असतो.

अश्लीलतेचा आरोप या कलेच्या पाठीस कायम लागला. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली आणि कलावंतांच्या विनवण्यांनंतर, संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठवली. पुण्यातल्या रॅपलाही हाच अनुभव आला. २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या एका गाण्यातल्या शिव्यांवरून गुन्हा दाखल झाला.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने वाजवलेल्या पार्टीपासून हिप-हॉपचे वय मोजतात. भारतात १९९२च्या सुमारास बाबा सेहगलने ते गमतीच्या अंगाने लोकप्रिय केले. वस्तीतल्या पोरांनी ते हाती घेतले त्यानंतर वीसेक वर्षांनी, मुंबईत. डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ २०१५चे, तर ‘गली बॉय’ हा चित्रपट फेब्रुवारी २०१९चा. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटातल्या एमसी मवालीने मराठीत रॅप केला आणि २०१९ मध्ये मुंबईतले आरेचे जंगल वाचवण्यासाठी तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केले. तिथे रॅपचे नाते आंदोलनाच्या शाहिरीशी जुळले.

स्टॅनची वाट वेगळी होती. २०१९च्या ‘खुजा मत’ या गाण्यात त्याने मुंबईचा रॅपर एमिवे बंटाय याला अंगावर घेतले, आणि त्याच वर्षी ‘अस्तगफिरुल्लाह’मध्ये मागल्या वागण्याबद्दल देवाची माफी मागितली. ‘तडीपार’मध्ये गुर्मी आणि पश्चात्ताप असे दोन्ही सूर आहेत. संथ ट्रॅप ठेका, खाली जड बेस, आवाजावर ऑटोट्यून, शब्द अर्धे गिळलेले. भाषा पुण्याच्या वस्त्यांत बोलली जाणारी हिंदी, अधूनमधून मराठी मिसळलेली. मुंबईच्या रॅपरांची बंबइया ऐकून सरावलेल्या कानांना ही बोली नवी होती, आणि अल्बमचे खरे वेगळेपण याच बोलीत आहे. त्यातली शिवीगाळ मात्र पुष्कळदा कल्पकतेची जागा भरून काढते.

अल्बम ही वस्तूही या प्रकारात महत्त्वाची. एक गाणे यूट्यूबवर चालले तर तो नशिबाचा भाग मानला जातो. सलग गाणी एका नावाखाली आणली की रॅपर मुरलेला ठरतो. दिल्लीच्या प्रभ दीपने २०१७ मध्ये ‘क्लास-सिख’ने आणि डिव्हाइनने २०१९ मध्ये ‘कोहिनूर’ने हेच केले होते. स्टॅनने बरेचसे बीट स्वतःच बांधले. लॅपटॉप, माइक आणि इंटरनेट एवढ्यावर काम भागत असल्याने कोणाची उचल घ्यावी लागली नाही.

‘तडीपार’ आला त्याच २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदी नेमकी त्या दिवशी सुरू झाली. यात्रा रद्द झाल्या, नारायणगावच्या सुपाऱ्या बुडाल्या, पुढच्या वर्षीचा हंगामही हातचा गेला. कलावंतांनी शेतमजुरी केली, भाजी विकली. मोबाइलवर ऐकल्या जाणाऱ्या रॅपला या बंदीची झळ तेवढी लागली नाही. स्टॅनचा दुसरा अल्बम ‘इन्सान’ २०२२ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला. त्यानंतर तोही गावोगावच्या दौऱ्यावर निघाला, तिकीट लावून.