तुतारी वाजवणारा हात

मी कोडिंग करून पोट भरतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण आजचा विषय घरातलाच आहे. तासगावला ताईचा चार वर्षांचा मुलगा बेदाणा तोंडात टाकतो तेव्हा उजवं कोपर असं वर जातं, जणू तुतारीच फुंकतोय. आम्ही हसायचो. नंतर कळलं, डॉक्टरही या खुणेला तुतारीचंच नाव देतात.

होतं काय, तर जन्मताना खांदा अडकतो, मान ताणली जाते आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना इजा होते. फ्रान्सच्या दुशेन यांनी १८७२ मध्ये आणि जर्मनीच्या एर्ब यांनी १८७४ मध्ये हे नीट मांडलं. त्याआधीच, २७ जानेवारी १८५९ ला, यातला सगळ्यात प्रसिद्ध पेशंट जन्मला होता: जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेम. पायाळू, डावा हात लुळा. त्या पोराला विजेचे झटके दिले, हात नुकत्याच मारलेल्या सशात गुंडाळला! हात आखूडच राहिला. फोटोत बघा, तो कायम तलवारीच्या मुठीवर नाहीतर हातमोज्यांआड.

सगळ्यांचं लक्ष नसांवर. खरा घोळ मात्र खांद्यात होतो. नसा सुधारतात, पण सगळे स्नायू सारखे परतत नाहीत. हात आत फिरवणारे जिंकतात, बाहेर फिरवणारे हरतात. लहान मुलाची खांद्याची वाटी अजून कूर्चेची असते. हाडाचा गोळा मागे सरकत जातो आणि वाटीच वाकडी वाढते. म्हणजे एक बग फिक्स होतोय म्हणून आपण निवांत, आणि दुसरा मागे गुपचूप वाढतोय.

१९३४ मध्ये अमेरिकेत ल'एपिस्कोपो यांनी आत ओढणारे स्नायूच बाहेर फिरवायच्या कामाला लावले. १९७२ मध्ये मॅले यांनी तपासायच्या पाच हालचाली ठरवल्या: हात वर, बाहेर, मानेमागे, पाठीमागे, तोंडाशी. आपल्याकडे मुंबईचे डॉ. मुकुंद थत्ते यांनी या दुखापतीवर बरंच काम केलंय.

घरी बघायची गोष्ट साधी आहे. कोपर कंबरेला टेकवायचं, काटकोनात वाकवायचं, पंजा हळूच बाहेर न्यायचा. दुसऱ्या हाताएवढा जात नसेल तर थांबू नका. वर्षाच्या आतल्या बाळाचा खांदा सोनोग्राफीतही दिसतो.

आम्हाला "मालिश करा, होईल मोकळा" एवढंच सांगितलं होतं. परवा ताईने पंजा बाहेर नेऊन पाहिला. अर्ध्यावरच अडला. पुढच्या महिन्यात मुंबईची तारीख आहे.