उत्तर न छापलेले गणित

शाळेतील गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरे छापलेली असतात. गुरुजी फळ्यावर उदाहरण घालतात तेव्हा त्यांना उत्तर ठाऊक असते, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे मुलेही जाणून असतात. पण विहीर कोठे खणावी, यंदा कोणते पीक घ्यावे, याचे उत्तर कोणत्या पुस्तकाच्या मागे सापडेल? अशा प्रश्नांची तयारी मुलांकडून कशी करून घ्यावी? वाचकहो, या बाबतीत आपल्या मुंबईत घडलेली एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. ती आहे गणकयंत्राची, म्हणजे ज्याला आपण आज संगणक म्हणतो त्याची.

१९५५ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून तयार गणकयंत्र आणविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र यंत्र आपणच बांधायचे असे ठरविले. आर. नरसिंहन हे या कामाचे प्रमुख. त्यांच्या हाताखालची माणसे थोडी, तरुण, आणि बहुतेकांनी असले यंत्र कधी हाताळलेलेही नव्हते. मग त्यांनी काय केले? एकदम मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी एक लहान, नमुन्याचे यंत्र बांधले. ते १९५६ मध्ये चालू झाले. त्यात जे शिकायला मिळाले, त्याच्या बळावर मोठे यंत्र उभे राहिले आणि १९६० साली कामाला लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि स्मरणशक्ती होती अगदी थोडी! १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले.

आता तुम्ही म्हणाल, इतका खटाटोप करून साधले काय? प्रश्न रास्त आहे. टिफ्रॅक पुरे होईतो परदेशात नळ्या जाऊन ट्रान्झिस्टरची यंत्रे आली होती. १९६४ साली याच संस्थेत अमेरिकेहून कितीतरी मोठे यंत्र आले, आणि टिफ्रॅक मागे पडले. पण यंत्र जुने झाले म्हणून माणसांचे शिक्षण जुने झाले नाही. वाट ठाऊक नसताना चालायचे कसे, अडले की मागे येऊन चूक कोठे झाली ते शोधायचे कसे, हे ती माणसे शिकली होती.

दुसरी वाट कानपूरची. तेथील आय.आय.टी.त १९६३ साली आयबीएम १६२० हे यंत्र आले. सगळ्यांनाच काही यंत्र बांधायचे नसते. पण त्याच्याकडून काम करून घेता आले पाहिजे. म्हणून तेथे विद्यार्थ्यांबरोबरच बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी आणि इंजिनियरांसाठीही थोड्या दिवसांचे वर्ग भरू लागले. मुंबईत मूठभर माणसे खोलवर शिकली, कानपूरने शिक्षणाचे दार रुंद केले. देशाला दोन्हींची गरज होती.

पुढे संगणकाचे शिक्षण गावोगाव पोचले, आणि त्याबरोबर घोकंपट्टीही आली. आज्ञावली तोंडपाठ, पण ‘आमच्या दूधसंस्थेचा हिशेब सोपा करून द्या’ म्हटले की विद्यार्थी गोंधळतो. कारण काय करायचे हे सांगणारे वाक्यच प्रश्नात नसते. ही उणीव ओळखून २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ या स्पर्धेत सरकारी खात्यांच्या खऱ्याखुऱ्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे मांडल्या जाऊ लागल्या.

पण गुरुजनहो, ही सवय कॉलेजात जाऊन एकाएकी लागत नाही. आणि तिला संगणकच हवा असेही नाही. पाढे, त्रैराशिक हे पक्के हवेच. पोहायला न शिकविता मुलाला डोहात ढकलू नये. पण महिन्यातून एखादा प्रश्न असा द्या की, ज्याचे उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही. गावच्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात किती दिवस पुरेल? मुलांना टाकी मोजू द्या, घरोघर विचारू द्या, आधी एकाच आळीचा हिशेब करू द्या. तोच झाला त्यांचा नमुना. दोन मुलांची उत्तरे जुळली नाहीत तर रागावू नका. ‘तू काय धरून चाललास?’ एवढेच विचारा, आणि त्यांना पुन्हा मोजायला पाठवा.