घरगुती वॉटर ब्लॉकची पूर्वपीठिका

गणकयंत्रांच्या इतिहासात वेगाची चर्चा विपुल होते, उष्णतेची क्वचितच. वस्तुतः वेगाची मर्यादा पुष्कळदा उष्णतेनेच आखून दिली आहे. १९९० नंतरच्या दशकात हौशी मंडळींनी घरी घडविलेला वॉटर ब्लॉक हे मोठ्या यंत्रांचे केवळ अनुकरण होते, असा समज आढळतो. तो तपासून पाहणे इष्ट ठरेल.

आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या यंत्रात प्रत्येक चिपेवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या टेकलेला असे. भोवतालची पोकळी हेलियमने भरलेली असून उष्णता अखेरीस पाण्याने थंड राखलेल्या पाटीकडे जाई. १९८१ साली स्टॅनफर्ड येथे टकरमन व पीझ यांनी सिलिकॉनमध्येच सुमारे ५० मायक्रॉन रुंदीच्या पन्हळी कोरल्या आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट उष्णता वाहून नेली. तापमानवाढ ७१ अंश सेल्सिअस होती. संथ प्रवाहात पन्हळीची रुंदी निम्मी केली की उष्णतासंक्रमणाचा गुणांक दुप्पट होतो, हे त्यामागील तत्त्व होय. परंतु तोच वेग राखण्यास लागणारा दाब चौपट होतो. त्यांच्या प्रयोगात हा दाब सुमारे दोन वातावरणांइतका होता.

पुढे सीमॉस तंत्रामुळे चिपांची उष्णता घटली. १९९४ पासून आयबीएमची नवी मोठी यंत्रे हवेवर चालू लागली. नेमक्या याच काळात हौशी मंडळी पाण्याकडे वळली. १९९८ साली आलेली इंटेलची ३०० मेगाहर्ट्झची सेलेरॉन चिप ४५० मेगाहर्ट्झवर चालविता येते, हे त्यांना आढळले होते. वेगासोबत उष्णताही वाढे.

त्यांची साधने मात्र निराळी होती: मत्स्यपेटीचा पंप, मोटारीच्या हीटरचा रेडिएटर आणि ड्रिल यंत्राने पोखरलेला तांब्याचा ठोकळा. असा पंप पाणी जेमतेम एकदोन मीटर चढवी. दोन वातावरणांच्या दाबासाठी वीस मीटर लागतात. म्हणून स्टॅनफर्डची पन्हळ घरी उतरविणे अशक्यच होते. पन्हळी रुंद ठेवणे, पाण्याचा झोत थेट चिपेच्या माथ्यावर सोडणे आणि तळाची जाडी तोलून ठरविणे भाग पडले. तळ जाड असल्यास उष्णता पसरते, पण पाण्यापर्यंतची वाट लांबते. तांब्याच्या ठोकळ्यास ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडल्यास ॲल्युमिनियम झिजते, हाही धडा मिळाला.

आयबीएमने २००८ साली पॉवर ५७५ या यंत्रात पाणी पुन्हा प्रक्रियकापर्यंत आणले. मधल्या काळात ही विद्या सर्वस्वी खंडित झाली नव्हती. निराळ्या मर्यादांत ती नव्याने मांडली जात होती. तत्त्व एकच असले तरी पंपाची शक्ती बदलताच योग्य आकार बदलतो. म्हणून या ठोकळ्यांना अनुकरण न म्हणता स्वतंत्र उत्तर म्हणणेच अधिक सयुक्तिक होय.