सिंहगडाकडे तोंड करून

महाराष्ट्रातील दूरदर्शनचा इतिहास बहुधा कार्यक्रमांच्या आणि निवेदकांच्या आठवणींतून सांगितला जातो. त्याच इतिहासाला एक दुसरे टोकही आहे. ते म्हणजे ज्या घरांवर या लहरी उतरल्या, त्या घरांची छपरे. भीमेच्या खोऱ्यातील, संभाजीमहाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक असलेले वढू बुद्रुक डोळ्यांसमोर ठेवून त्या टोकाकडून काय दिसते, ते पाहू.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात पोचवण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले. गडाची निवड भावनेपोटी झालेली नव्हती. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्या अडतात आणि पृथ्वीच्या गोलाईपलीकडे फारशा पोचत नाहीत. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच, तर वढूचा परिसर साडेपाचशे मीटरच्या आसपास. जिथून दूरवरची हालचाल टिपता येते, तिथूनच दूरवर लहरीही पाठवता येतात. किल्लेदाराची आणि अभियंत्याची निकड येथे एकच ठरली.

वढूपासून सिंहगड नैर्ऋत्येला, सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटर. शहरात संचावर ठेवलेल्या दोन दांड्यांवर भागत असे. एवढ्या अंतरावर मात्र ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचा, माशाच्या काट्यासारखा दिसणारा ॲन्टेना लागे. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये त्याची रचना मांडली. सर्वांत लांब दांडी मागे राहून लहर परत फिरवते, आखूड दांड्या पुढे राहून तिला वाट दाखवतात आणि मधल्या वळवलेल्या दांडीला जोडलेली चपटी वायर ती संचापर्यंत आणते. दांड्यांची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. साठ-पासष्ट मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी मधली दांडी सव्वादोन मीटरच्या पुढे जाते. दोनशे मेगाहर्ट्झला पाऊण मीटर पुरते. म्हणून आपले केंद्र कोणत्या पट्ट्यात आहे, हे पाहूनच ॲन्टेना निवडावा लागे.

हा सांगाडा घरातल्या माळ्यावर का ठेवला गेला नाही? अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना छपराखालच्या पोटमाळ्यात ॲन्टेना बसवण्याचा प्रकार परिचित असेल. तेथील घरांचे छप्पर बहुधा लाकडाचे आणि डांबरी कौलांचे असते. लहर त्यातून क्षीण होऊन का होईना, आत येते. ऊन, वारा, बर्फ यांपासून ॲन्टेना सुरक्षित राहतो आणि वसाहतीच्या नियमांवरून शेजाऱ्यांशी वादही होत नाही. (बाहेरच्या ॲन्टेनावरील असे निर्बंध तेथे १९९६ च्या नियमाने बरेच सैल झाले.) आपल्याकडील पत्र्याचे छप्पर म्हणजे लहरींना आडवी धरलेली ढाल. माळवद असले, तर लाकडी तुळयांवरचा मातीचा जाड थर, आणि तोही पावसाळ्यात ओला. माळ्यावर धान्य, अडगळ आणि उंदीर यांना जागा होती, लहरींना नव्हती.

परिणामी ॲन्टेना उघड्यावर आला, आणि तो उघड्यावर येताच खासगी राहिला नाही. कोणाच्या घरी संच आला, हे गावाच्या वेशीवरूनही कळू लागले. एकाने छपरावर पाइप फिरवायचा, दुसऱ्याने दारात उभे राहून “मुंग्या कमी झाल्या का?” याचे उत्तर ओरडून द्यायचे, ही त्या काळची रीत. चित्राला सावली पडली, तर लहर दुसऱ्या एखाद्या डोंगरावरूनही परतून येत आहे, असे समजायचे. नकाशा कधी न पाहिलेल्या माणसालाही सिंहगड नेमका कोणीकडे, हे या निमित्ताने हातांनी कळले. १९८७ पासूनच्या रविवार सकाळी ‘रामायण’ पाहायला शेजारी जमू लागले, तेव्हा छपरावरची ती खूण निमंत्रणासारखी ठरली.

मात्र येथे स्मरणरंजनात वाहून जाऊ नये. ॲन्टेनाचे तोंड सिंहगडाकडे असले, तरी आवाज सिंहगडाचा नव्हता. गड केवळ पुढे पोचवण्याचे काम करी. बोलणे मुंबईचे होते आणि १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर संध्याकाळचा मोठा भाग दिल्लीचा झाला. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी होते, पण तेही मुंबईहूनच येई. दिशा जवळची होती, निवड दूरची. छपरावरच्या माणसाच्या हाती दिशा तेवढी होती.

तरीही त्या व्यवस्थेत एक मोलाची गोष्ट होती. लहर कोणाच्या नावे येत नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत संचाचा वार्षिक परवाना काढावा लागे. तो रद्द झाल्यावर ज्याच्याकडे संच आणि दांडी, त्याला चित्र मिळे. नव्वदीत केबल आली, मग तबकड्या आल्या. दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि ‘फ्री डिश’ या नावाने आजही आहे. पण तिची तबकडी आग्नेयेला, आकाशात उंच रोखलेली असते. वढूच्या छपरावरची नजर अशी जवळपास काटकोनात वळली आणि जमिनीवरून उठली. सामरिक महत्त्वाची पन्नासेक प्रक्षेपके वगळता देशातील उरलेली ॲनालॉग प्रक्षेपके ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केले, तेव्हा त्या जुन्या दिशेला अर्थ उरला नाही.

मंदिरांच्या, वाड्यांच्या, समाध्यांच्या नोंदी आपण ठेवतो. ॲल्युमिनियमच्या दांड्या मात्र किलोच्या भावाने भंगारात जातात, आणि एका पिढीने डोंगराकडे पाहून जग घरात कसे आणले, याचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. एखाद्या जुन्या छपरावर असा सांगाडा अजून उभा दिसलाच, तर त्याच्या आखूड दांड्या कोणीकडे वळल्या आहेत, एवढे तरी पाहून लिहून ठेवावे.