तांबड्या समुद्रातली चिंबोरी

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गात उर्दूच्या तासाला ‘सरतान’ हा शब्द आला. सरतान म्हणजे खेकडा, आकाशातली कर्क रास, आणि कॅन्सरचा आजारही. मराठीतही तसंच आहे, कर्क म्हणजे खेकडा आणि त्यावरून कर्करोग. मी फळ्यावर दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहीत होतो, तेवढ्यात खाडीकाठच्या वस्तीतला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, मग चिंबोरी खाल्लेली चालते का?”

वर्ग हसला. मला मात्र आमचं जुनं घर आठवलं. दादी चिंबोरीचा रस्सा करायची त्या दिवशी दादा मुकाट्याने डाळभात जेवायचे. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी पक्कं होतं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात त्यावर एकदाही भांडण झालं नाही.

मी मुफ्ती नाही, शिक्षक आहे. पण मुलाला उत्तर द्यायचं तर चिंबोरी हा प्राणी नेमका कोण, कुठे राहतो, श्वास कसा घेतो, हे आधी कळायला हवं. आणि हे कळायला माणसाला फार उशीर लागला.

या कहाणीची सुरुवात जेद्दाहच्या बाजूला होते. १७६१ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या राजाने सहा माणसं अरबस्तानात पाठवली. त्यांत पीटर फोर्स्कोल नावाचा तिशीही न गाठलेला निसर्ग-अभ्यासक होता. जन्म हेलसिंकीचा, लिनियसचा शिष्य, आणि स्वभावाने हट्टी. नागरी स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहून त्याने स्वीडनच्या सरकारचा रोष आधीच ओढवून घेतला होता. तो अरबी शिकला, तिथल्या लोकांसारखे कपडे घालून हिंडला, आणि झाडापानांची, प्राण्यांची स्थानिक अरबी नावंही टिपून ठेवली. ऑक्टोबर १७६२ मध्ये ही मंडळी जहाजाने जेद्दाहला उतरली. तांबड्या समुद्राच्या या प्रवासात त्याने जे खेकडे नोंदवले, त्यांत एक मोठा, काठाला करवतीसारखे दात असलेला खेकडा होता. लॅटिनमध्ये त्याने त्याला ‘सेराटस’, म्हणजे दातेरी, म्हटलं. हीच आपली चिंबोरी.

पुढल्या जुलैत फोर्स्कोल येमेनमधल्या यरीम गावी हिवतापाने गेला. वय ३१. भाषेचे अभ्यासक फॉन हावेन त्याआधीच मोख्यात गेले होते. उरलेले मुंबईकडे निघाले, तर चित्रकार आणि नोकर वाटेत समुद्रावरच दगावले. सप्टेंबर १७६३ मध्ये मुंबई बंदरात दोघंच उतरले, आणि त्यांतला डॉक्टर काही महिन्यांतच मुंबईत वारला. राहिला एकटा कार्स्टन नीबूर, नकाशे काढणारा, शेतकऱ्याचा मुलगा. तो वर्षभराहून जास्त काळ मुंबईत होता. घारापुरीला जाऊन त्याने लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली. घारापुरीच्या कडेला आजही तिवरांचा चिखल आहे आणि त्या चिखलात चिंबोऱ्या आहेत. मित्राने नोंदवलेला प्राणी आपल्या पायाखालीच आहे, हे नीबूरच्या लक्षात आलं असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. घरी परतल्यावर त्याने स्वतःच्या प्रवासवर्णनाबरोबर मेलेल्या मित्राची टिपणंही कोपनहेगनला छापली. ते साल १७७५. म्हणून आजही शास्त्रीय पुस्तकात ‘स्किला सेराटा’च्या पुढे फोर्स्कोलचं नाव आणि हेच साल असतं.

नाव मिळालं, पण ओळख पटली नाही. आफ्रिकेपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत खाडीतल्या प्रत्येक मोठ्या चिखलखेकड्याला लोक सेराटाच म्हणत राहिले. कोणी वेगळी जात सांगितली तर दुसरा ती मोडीत काढायचा. शेवटी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रूप आणि जनुकं दोन्ही तपासून दाखवलं की हा एक खेकडा नाही, चार जाती आहेत. आपल्याकडे मुख्यतः दोन सापडतात. मोठी सेराटा, आणि तिच्याहून लहान, लालसर नांग्यांची ऑलिव्हेसिया. भारतात गंमत अशी झाली की कित्येक अहवालांत लहानीलाच सेराटा म्हटलं गेलं आणि मोठीला तमिळनाडूतल्या तरंगमबाडीवरून आलेलं तिसऱ्याच जातीचं नाव लागलं. हा गोंधळ अगदी अलीकडे जनुकीय तपासणीने सुटला. शास्त्रातला चुकलेला शब्द निरुपद्रवी नसतो. कोणती जात किती मोठी झाल्यावर अंडी घालते हेच चुकलं, तर किती लहान खेकडा पकडू नये हा नियमही चुकतो.

आता तिच्या जगण्याकडे येऊ. चिंबोरी तिवरांच्या मुळांत, चिखलातल्या बिळात वाढते. कवच वाढत नाही, म्हणून ते टाकून नवं घ्यावं लागतं. कात टाकल्यावर अंग मऊ असतं आणि आत पाणी भरलेलं. बाजारात आपण ज्याला ‘पोकळ’ म्हणून नाक मुरडतो तो हाच. मादीचं मीलन त्या मऊ अवस्थेतच होतं. नर तिला आधीपासून काही दिवस पोटाखाली धरून फिरतो आणि नंतरही तिचं कवच टणक होईपर्यंत राखण करतो. एरवी एकमेकांना फाडून खाणारी ही जात, पण त्या दिवसांत नर पहारेकरी होतो. मग मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते, आत अंडी पिकू लागतात, आणि ती खाडी सोडून खोल समुद्राकडे निघते. तिथे पोटावरच्या पाळीखाली लाखो अंडी बाहेर येऊन चिकटतात, आधी नारिंगी, मग काळपट. पिल्लं पाण्यात तरंगत, रूप बदलत वाढतात आणि कशीबशी पुन्हा खाडीत येतात. लाखांतली मोजकीच पोहोचतात.

श्वास ती कल्ल्यांनी घेते. पाण्याबाहेर ओल्या पोत्यात दोन-चार दिवस जगते ते कल्ले ओले राहतात म्हणून. पण सुतळीने बांधलेली चिंबोरी टोपलीत जिवंत पाहून ती जमिनीवरचीही आहे असं कोणालाही वाटेल. आणि वाद तिथेच आहे. हनफी मतात पाण्यातलं फक्त मासाच चालतो, तेव्हा खेकड्याचा प्रश्नच मिटला. आम्ही कोकणी बहुतेक शाफई. इमाम नववींच्या ‘मिन्हाज’मध्ये बेडूक, खेकडा आणि साप, जमीन-पाणी दोन्हीकडे राहणारे, म्हणून एकाच रांगेत हराम ठरवले आहेत. दादांचं बोट त्या ओळीवर होतं. इंडोनेशियाही शाफई. तिथल्या उलेमा परिषदेने २००२ मध्ये हा प्रश्न घेतला, तेव्हा मत्स्यशास्त्राच्या तज्ज्ञाला बोलावून विचारलं. त्यांनी सांगितलं की या चारही जाती कल्ल्यांनी श्वास घेतात, पाण्यातच राहतात, अंडी पाण्यातच घालतात. त्यावरून परिषदेने चिंबोरी हलाल ठरवली. कोणी मानो, न मानो. मला त्यातली पद्धत आवडली. निवाड्याआधी प्राणी काय आहे ते विचारलं गेलं.

दुसरा प्रश्न मात्र आपल्या बाजारात कोणी विचारत नाही. २०१५ मध्ये त्याच इंडोनेशियाच्या सरकारने अंडीवाली आणि १५ सेंटीमीटरपेक्षा लहान चिंबोरी पकडायला बंदी केली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये तर मादी पकडायचीच नाही, सापडली तर परत सोडायची. आपल्याकडे उलट मादीला भाव जास्त, कारण तिच्यात लाख असते. केशरी, रवाळ, ज्यासाठी दादीही टोपलीवर तासभर घासाघीस करायची. ही लाख म्हणजे पिकत आलेली अंडी, अजून आतच असलेली. म्हणजे समुद्राकडे निघायच्या बेतात असलेली मादीच आपण वेचून घेतो. बाहेर अंडी दिसणाऱ्यांना वाचवणारा नियम केला तरी तो हिच्या उपयोगाचा नाही.

पालनाचे प्रयोग चालू आहेत. सिंधुदुर्गात कांदळवनात जाळ्यांची कुंपणं घालून बचतगटांनी खेकडे वाढवले. पण त्यासाठी पिल्लं खाडीतूनच उचलली तर खाडीला काय राहिलं? पिल्लं तयार करणारं केंद्र तमिळनाडूत तोडुवाई इथे आहे. तिथेही मोठा अडसर हाच, की पिल्लं एकमेकांना खातात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात यातलं बरंचसं सांगितलं. त्या मुलाचे वडील फगाने चिंबोऱ्या धरतात. लोखंडी कडीला जाळं, मध्ये माशाचं डोकं बांधलेलं. मी त्याला विचारलं, पोटाला काळी अंडी चिकटलेली मादी पाहिलीस का? म्हणाला, “मी नाही पाहिली सर. अब्बांनी दोन-तीनदा पाहिली असेल, सगळ्या आयुष्यात.”

“आणि लाखेची?”

“ती रोजच असते की. तिचेच तर पैसे येतात.”

तास संपल्याची घंटा झाली. फळ्यावरचे सरतान आणि कर्क पुसताना माझ्या लक्षात आलं, की त्याच्या मूळ प्रश्नाला मी अजून सरळ उत्तर दिलेलंच नाही.