वर्गमित्राच्या आकस्मिक निधनानंतर : किशोरवयीन मुलांना सावरताना

एखाद्या विद्यार्थ्याचा अपघातात किंवा अल्पशा आजाराने अकस्मात मृत्यू झाला, की बहुतेक शाळांमध्ये ठरलेला क्रम पार पडतो. मैदानावर सर्वांना एकत्र करून बातमी सांगितली जाते, दोन मिनिटे मौन पाळले जाते आणि शाळा सोडून दिली जाते. यामागील भावना आदराचीच असते. मात्र त्या दिवशी ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज असते, त्यांपैकी अनेक मुले आई-वडील कामावर गेलेल्या रिकाम्या घरी परततात आणि भ्रमणध्वनीवर फिरणारे अर्धवट तपशील वाचत बसतात. किमान त्या वर्गाला तरी शाळेत थांबवून घेणे अधिक हितावह ठरते.

ही बातमी वर्गात, मुलांच्या परिचयाच्या शिक्षकांनी सांगावी. ‘मृत्यू’ हा शब्द टाळू नये. कुटुंबीयांची संमती असेल तेवढेच, पण खरे सांगावे. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नसल्याचेही सांगावे. सांगताना शिक्षकांचे डोळे पाणावले, तर त्यात वावगे काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. परिस्थिती पाहणे, ऐकून घेणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे, ही तिची तीन सूत्रे आहेत. घडलेला प्रसंग सांगण्यासाठी कोणावरही दडपण आणू नये, असे त्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे प्रत्येक मुलाला उभे करून मन मोकळे करायला लावणे योग्य नव्हे. मूल गप्प असेल, तर शेजारी बसणेही पुरेसे असते.

या वयातील शोक सलग नसतो. सकाळी रडलेला मुलगा सायंकाळी क्रिकेट खेळताना दिसतो आणि ‘याला काहीच वाटत नाही’ असा समज घरातील मंडळी करून घेतात. तो निष्ठुरपणा नसून सहन होईल तेवढेच दुःख एका वेळी पेलण्याची रीत असते. पोटदुखी, निद्रानाश, चिडचिड किंवा अभ्यासातील घसरण यांतूनही हे दुःख प्रकट होते. आदल्या दिवशी मृत मित्राशी भांडलेला किंवा अपघातसमयी सोबत असलेला मुलगा स्वतःला दोषी मानू शकतो. यापूर्वी घरातील व्यक्ती गमावलेल्या मुलाची जुनी जखमही उघडी पडते. अशा मुलांकडे वेगळे लक्ष हवे.

अंत्यदर्शनास जायचे की नाही, हे मुलांना ठरवू द्यावे. अनेक घरांत मुलींना स्मशानभूमीत नेत नाहीत. त्यामुळे सर्वांत जवळच्या मैत्रिणीलाच निरोप घेता येत नाही. मोठ्यांनी तिला सोबत घेऊन त्या घरी भेटीला जावे.

रिकामा बाक एका रात्रीत हलवू नये. हजेरी घेताना ते नाव वगळण्यापूर्वी वर्गाशी बोलावे. वाढदिवस, परीक्षेतील मोकळे आसन, निकालाचा दिवस, वर्षश्राद्ध असे प्रसंग पुढे येतच राहतात.

मृत्यू आत्महत्येमुळे झाला असल्यास अधिक सावधगिरी आवश्यक असते. पद्धतीचे वर्णन करू नये, एकाच कारणावर बोट ठेवू नये आणि कृतीचे उदात्तीकरण होईल असा स्मृतिकार्यक्रम टाळावा. कारण या वयात अनुकरणाचा धोका संभवतो. मृत विद्यार्थ्याची निंदाही करू नये. एखादे मूल जगण्याची इच्छा नसल्याचे बोलू लागले, तर ‘तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का’ असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. अशा मुलाला एकटे न सोडता तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी.

बहुसंख्य मुले काळाच्या ओघात सावरतात. सहा महिन्यांनंतरही तीव्र शोक दैनंदिन जीवनात अडथळा आणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. या दोन्ही क्रमांकांवर मुले स्वतःही संपर्क साधू शकतात.