रोखे जाळले, मग रजिस्टर हाती आलं

मंडळी, सप्टेंबर लागला की आमसभेच्या नोटिसा निघतात. गेल्या वर्षी एका संस्थेच्या सभेला गेलो होतो. ठरल्या वेळी कोरम नाही, म्हणून सभा तहकूब. अर्ध्या तासानं तीच सभा, तेवढ्याच माणसांत, पुन्हा सुरू. नियमात ते बसतं. पंधरा मिनिटांत वर्षाचा हिशोब ‘सर्वानुमते मंजूर’! बाकीचे सभासद कुठं? समोरच्या टपरीवर, चहा पीत कारभाराला नावं ठेवत.

म्हणून ही ‘संस्था’ आपल्याकडे आली कशी, ते सांगावंसं वाटलं.

गावगाडा जुनाच. बलुतेदारी होती, जातपंचायत होती. पण तिथली जागा जन्मानं ठरायची. अर्ज करून सभासद होणं, लेखी नियम, निवडलेले पदाधिकारी, सभेचं इतिवृत्त, हे सारं नंतरचं. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. तिचं सभासद व्हायला लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र लागायचं. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या हाती मात्र काहीच नव्हतं. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक सावकारांवर धावून गेले आणि कर्जाचे रोखे जाळले. कागद सावकाराचा, लिहिणाराही सावकाराचाच. दुसरं करणार काय?

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. दहा माणसं जमली की संस्था नोंदता येऊ लागली. १९१२ च्या कायद्यानं कर्जापलीकडच्या सहकारालाही वाट मिळाली. १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही शेअर कितीही असोत, एका सभासदाला मत एकच. म्हणजे हिशोबाचं रजिस्टर आता कर्ज घेणाऱ्याच्याच हाती आलं.

आपल्या भिवापुरी मिरचीचंच पाहा ना. तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण एकटा शेतकरी, कितीही चांगली मिरची पिकवो, ते मागूच शकत नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे अर्ज उत्पादकांच्या संघटनेनं किंवा कायदेशीर संस्थेनंच करावा लागतो.

माणसं येतात-जातात, संस्था राहते. पण तिचं रजिस्टर कोणी उघडूनच पाहिलं नाही, तर ते परत चार जणांच्या कपाटात जातं. मग सुप्यातल्या रोख्यात न् त्यात फरक काय राहिला, भाऊ?

यंदा नोटीस आली की ताळेबंद मागून घ्या. सभेला वेळेवर जा. चहा नंतर पिऊ.